व्हॅल्युअर येणार आहे आणि हातात १२ हजार आहेत

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात मी उल्लेख केला होता की आम्ही आमच्या फ्लॅटवर मॉर्गेज लोन काढलं आणि त्याचं व्हॅल्युएशन एकदा आपटलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की ताई, आपटलं म्हणजे नक्की काय झालं, आणि मग तुम्ही काय केलंत? तर आजचा भाग त्यावर. घर बँकेकडे ठेवायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच खचलेला असतो, त्यात हे कुणी नीट सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आधी परिस्थिती सांगते, म्हणजे आकडे कळतील. आम्ही नाशिकला राहतो, इंदिरानगरच्या पुढं. २००१ साली बांधलेली चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचा तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. नवऱ्याचं कॉलेजजवळ झेरॉक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान. २०१९ मध्ये मोठं मशीन घेतलं, फायनान्सवर. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. पुढचं मी सांगायला नको. मशीनचे हप्ते थकले, ते भरायला खासगीतनं पैसे उचलले, महिना ३ टक्क्यांनी. ३ टक्के ऐकायला किती लहान वाटतं ना? ९ लाखांवर महिन्याला नुसतं व्याज २७ हजार होतं. मुद्दल तिथंच.

मशीनचे ९ आणि खासगीचे ९, असे १८ लाख एकदम फेडायचे आणि बँकेचा एकच हप्ता ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी १८ लाखांचा हप्ता जवळपास २० हजार बसतो. म्हणजे नुसत्या व्याजापेक्षा कमी, आणि मुद्दलही फिटतं. हिशोब सरळ होता. अडचण एकच होती. बँक घराच्या किमतीच्या ६० टक्के देणार होती. त्यामुळे घराची किंमत निदान ३० लाख लागली पाहिजे.

ती किंमत ठरवायला बँक आपल्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर पाठवते. बहुतेक वेळा सिव्हिल इंजिनिअर असतो. तो येतो, मोजतो, फोटो काढतो, रिपोर्ट बँकेला देतो. आपण सांगितलेल्या किमतीवर त्याचं काही चालत नाही, आणि चालू पण नये.

आता माझी पहिली चूक. २०२३ च्या जानेवारीत पहिला व्हॅल्युअर येणार म्हटल्यावर मी घराची तयारी कशी केली, तर मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी. हॉलला नवीन पडदे आणले, २३०० रुपयांचे. सोफ्याला कव्हर. दारात रांगोळी सुद्धा काढली, खोटं कशाला बोलू. आणि दुकानातला सगळा माल, कागदाचे रीम, टोनरचे खोके, जुनं बाइंडिंगचं मशीन, हे सगळं आतल्या बेडरूममध्ये छतापर्यंत रचून दार लोटून घेतलं. बाहेरून घर एकदम चकाचक.

तो मुलगा आला, तिशीचा असेल. पडद्यांकडे त्यानं बघितलं पण नाही. लेझरचं यंत्र काढलं आणि खोल्या मोजायला लागला. आतल्या बेडरूमचं दार उघडलं तर खोक्यांमुळे समोरची भिंतच दिसेना. तो म्हणाला, ‘मॅडम, इथं अंदाजे धरतो.’ मी म्हटलं धरा. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला ओल होती, पोपडे सुटलेले होते, त्यांचा फोटो काढला. बाल्कनीत वर बघितलं, स्लॅबचं प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसत होती, तिचा फोटो काढला. कागद मागितले. माझ्याकडे ॲग्रीमेंटची झेरॉक्स होती, तीही क्षेत्रफळाचं पान पुसट आलेली. मंजूर नकाशा? नाही. भोगवटा दाखला? सोसायटीकडे असेल. तो ‘ठीक आहे’ म्हणाला आणि गेला. २० मिनिटं.

आठ दिवसांनी शाखेतून फोन आला. किंमत २६ लाख लागली होती. त्याच्या ६० टक्के म्हणजे साडेपंधरा-पावणेसोळा. १८ होणार नाहीत.

मी शाखेत गेले. रिपोर्टची प्रत देता येत नाही म्हणाले, पण ज्या अधिकारी बाई होत्या त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, वाचा. त्यांचे उपकार मानते मी. कारण त्या दोन मिनिटांत मला कळलं की आपण तयारी कशाची केली आणि किंमत कशावर ठरली.

त्यानं मोजून-अंदाजून ५९० चौरस फूट कार्पेट धरलं होतं, त्यात २० टक्के मिळवून ७०८ बिल्टअप, आणि दर ३७०० रुपये. गुणाकार करून बघा, २६ लाख १९ हजार. आता आमच्या नोंदणी झालेल्या ॲग्रीमेंटमध्ये ७१.५० चौरस मीटर बिल्टअप लिहिलंय. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ७६९ फूट. ६० फुटांचा फरक! खोक्यांनी आणि पुसट झेरॉक्सनं माझ्या घराची एक छोटी खोली गिळली होती. खाली शेऱ्यांमध्ये लिहिलं होतं: भिंतीत ओल, बाल्कनीच्या स्लॅबची सळई उघडी, देखभाल सुमार, मंजूर नकाशा उपलब्ध नाही, बाल्कनी बंदिस्त केलेली. दर ३७०० का, तर हे सगळं बघून. पडद्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या बँकेत भरलेले ३५४० रुपये गेले. फाइल तिथंच संपली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘घर गहाण टाकताय, आणि वर त्याला सजवताय?’ टोचून नाही म्हणाल्या. पण २००१ मध्ये या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी त्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. मी काहीच बोलले नाही. त्यांना काय सांगणार, की आई, तुमच्या पाटल्यांचं घर आज साडेपंधरा लाखांना पण पुरत नाहीये.

नवऱ्यानं आणि मी बसून ठरवलं, दुसऱ्या बँकेत अर्ज करायचा, पण एप्रिलच्या आधी नाही. तोवर घर नीट करायचं. आणि बँकेची फी बाजूला ठेवून हातात होते १२ हजार रुपये. एवढेच.

अशा वेळी सल्ले फार येतात. एका ओळखीच्या एजंटनं सांगितलं, व्हॅल्युअरला पाकीट द्या, सगळं करून देतो. एकीनं सांगितलं, ओलीच्या भिंतीवर पुट्टी मारून वॉलपेपर लाव, ८०० रुपयांत काम होतं. पाकिटाचं मी लगेच नाही म्हटलं. त्या भानगडीत फसलो तर कर्ज राहतंच, वर नाव जातं. वॉलपेपरचं मात्र, खरं सांगते, मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, भिंत आपलीच आहे. बँकेपासून लपवून मी रात्री तिच्याच शेजारी झोपणार.

तर ओल. हिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकले ती इथं.

आमच्या बाथरूमच्या वर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम. काका-काकू दोघंच, पंच्याहत्तरीच्या पुढचे. दोन वर्षं आमची त्यांच्याशी या ओलीवरून धुसफूस चाललेली. मी म्हणायचे तुमचं पाणी उतरतं, काकू म्हणायच्या, ‘अगं, आमच्याकडं तर सगळं कोरडं आहे.’ जिन्यात भेटलो तरी एकमेकींकडे बघायचो नाही. सोसायटीच्या नियमात गच्चीची, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीनं बघायची असते, पण एखाद्याच्या संडास-बाथरूममधून खाली गळत असेल तर ते ज्याचं त्यानं करायचं. मी हा नियम त्यांना दोनदा ऐकवलाही होता. काय उपयोग झाला? काहीच नाही.

यावेळी नियम नाही ऐकवला. संध्याकाळी वर गेले आणि सगळं सांगून टाकलं. दुकानाचं, व्याजाचं, २६ लाखांचं. म्हटलं, ‘काकू, मला एप्रिलच्या आत ही भिंत वाळवायचीय. प्लंबर मी आणते, बघू तरी द्या.’ काकू थोडा वेळ गप्प बसल्या. काका आतून म्हणाले, ‘उद्या सकाळी आण त्याला.’

आता प्लंबरनं काय केलं बघा, हे तुम्हाला कामाला येईल. गळती नेमकी कुठून, हे फोडाफोडी न करता शोधायची साधी रीत आहे. त्यानं वरच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपला फडक्याचा गोळा घट्ट कोंबला आणि फरशीवर दोन इंच पाणी साठवलं. त्यात नीळ टाकली, कपड्यांची. २४ तास तसंच ठेवलं. काका-काकू तेवढा दिवस आमच्याकडे अंघोळीला आले. दुसऱ्या दिवशी खाली बघितलं तर छताला काहीच नवीन नाही. म्हणजे फरशीतून पाणी उतरत नाहीये. मग गोळा काढला, पाणी सोडून दिलं. दीड तासात आमच्या बाथरूमच्या छताला पाइपच्या कडेनं निळसर थेंब धरला. म्हणजे दोष ट्रॅपच्या जोडात. पूर्ण बाथरूम खोदायची गरज नाही, चार फरश्या काढल्या की झालं. हे आधी न तपासता एका कंत्राटदारानं आम्हाला वरचं अख्खं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करायचे ३५ हजार सांगितले होते!

चार फरश्या फुटणार, तशा फरश्या आता मिळणार कुठं, हा प्रश्न आला. काकू उठल्या आणि कॉटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा फरश्या काढल्या. २००१ च्या. बिल्डरनं उरलेल्या दिल्या होत्या, त्यांनी २२ वर्षं जपून ठेवल्या होत्या.

ट्रॅप, सिमेंट, केमिकल, मजुरी मिळून ४२०० झाले. मी सगळे देणार होते. काकूंनी अर्धे हातात ठेवले. म्हणजे माझे २१००.

यानंतर घाई करायची नाही. गळती थांबली तरी भिंत आतून ओलीच असते. लगेच रंग लावला की महिन्याभरात परत पोपडे येतात आणि लोणा फुलतो. आम्ही सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढलं आणि भिंत तशीच उघडी ठेवली, फेब्रुवारी अर्धा आणि मार्चचे पहिले आठवडे. टेबलफॅन लावून. खोली बघवत नव्हती. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी हे काम काढलं म्हणून वाळली. पावसाळ्यात काढलं असतं तर दिवाळीपर्यंत वाट बघावी लागली असती. मग गवंड्यानं वॉटरप्रूफिंगचं केमिकल मिसळून प्लास्टर केलं, ते वाळल्यावर प्रायमर, आणि फक्त त्या एका भिंतीला रंग. ३४०० रुपये. बाकी घराला रंग दिला नाही. जुना रंग व्हॅल्युअरला समजतो, ओल म्हटलं की तो लिहून घेतो.

बाल्कनीची सळई. हा स्लॅब बिल्डिंगचा, त्यामुळे सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. तोंडी दोन वर्षं सांगत होते, काही हाललं नव्हतं. लेखी दिल्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागला आणि आमच्यासह तीन बाल्कन्यांचं काम सोसायटीच्या फंडातून झालं. गंज तारेच्या ब्रशनं काढून, सळईला गंजरोधक लावून, वरून पॉलिमर मॉर्टर. साधं सिमेंट नुसतं थापायचं नाही, ते वर्षभरात परत पडतं. आमचा खर्च शून्य.

पण सोसायटीकडून हे करून घ्यायचं आणि मेंटेनन्स चार महिन्यांचा थकलेला, हे मलाच बरं वाटेना. शिवाय बँकेला सोसायटीचा ना हरकत दाखला लागतो आणि थकबाकी असेल तर तो मिळत नाही. ७०० प्रमाणे २८०० भरले. १२ हजारांतला हा मोठा घास होता, पण तो टाळता येत नव्हता.

बेडरूममधला माल दुकानात हलवला. नवऱ्यानं दुकानाच्या माळ्यावर जुन्या फळ्यांची रॅक केली, टेम्पोला दोन फेऱ्यांचे १२०० गेले. बाइंडिंगचं जुनं मशीन भंगारात दिलं, तेव्हा त्याला वाईट वाटलं, मी काही बोलले नाही. ती खोली रिकामी झाल्यावर मुलगी आत जाऊन नुसती गोल फिरली. तीन वर्षं तिनं ती भिंत बघितली नव्हती.

किरकोळ कामं पटकन सांगते. गळका नळ, फ्लशची टाकी, खिडकीच्या दोन कड्या, ८५०. फुटलेले स्विचबोर्ड आणि हॉलमधली लोंबकळणारी वायर, ६००. जिना आम्ही तीन घरांच्या बायकांनी आणि पोरांनी मिळून धुतला, कोपऱ्यातले पानाचे डाग ॲसिड टाकून घासले, बिल्डिंगच्या नावाची पाटी रंगवली, कारण व्हॅल्युअर पहिला फोटो पाटीचा काढतो आणि बिल्डिंगबद्दलचं मत तिथून वर येईपर्यंत होतं. ब्रश, फिनेल, रंगाचा डबा मिळून ४८०.

आणि कागद. माझ्या मते तुमच्याकडे पाचच हजार असतील तरी पहिले पैसे आणि पहिला वेळ कागदांवर घालवा.

मूळ ॲग्रीमेंट आणि नोंदणीची पावती कपाटातून काढून क्षेत्रफळाच्या पानाची स्वच्छ प्रत केली. इंडेक्स टू घेतला. शेअर सर्टिफिकेटवर आमची नावं आहेत का ते बघितलं. हे जरूर बघा, कित्येकांच्या सर्टिफिकेटवर आधीच्या मालकाचं नाव तसंच असतं. चालू वर्षाची घरपट्टी, लाइट बिल. भोगवटा दाखला सेक्रेटरींच्या फाइलमध्ये सापडला, मंजूर नकाशा नव्हता. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका, भिंत वाळेपर्यंत तोही येतो. आमचा वेळेत आला. स्टॅम्प, नक्कल, झेरॉक्स, जाण्यायेण्याचं पेट्रोल, सगळं धरून ४५०.

नकाशा आल्यावर एक गोष्ट समोर आली, जी माहीत होती पण बघायची टाळत होतो. स्वयंपाकघराला लागून नकाशात उघडी बाल्कनी आहे. आम्ही २००९ मध्ये मधली भिंत काढून ओटा पुढं नेला होता. अर्ध्या नाशिकनं केलंय हे, पण म्हणून ते मंजूर होत नाही. ती भिंत परत बांधायची तर पैसे नव्हते. नवरा म्हणाला, त्याला दाखवायचंच नाही. मी म्हटलं, पहिल्यानं लिहिलंय, दुसरा आंधळा आहे का?

अजून एक काम, आणि हे फुकट आहे. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च नावाची सोय आहे. तिथं गाव, वर्ष, मिळकतीचा नंबर टाकला की झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात. कुणी कुणाला, किती क्षेत्र, किती किमतीला. ती साइट फार रडवते. दुपारी नाही, रात्री उशिरा बसा, तेव्हा चालते. मला आमच्याच बिल्डिंगमधला २०२२ चा दुसऱ्या मजल्याचा व्यवहार सापडला आणि शेजारच्या बिल्डिंगचा एक. दोन्ही चौरस फुटाला ४ हजारांच्या आसपास. प्रिंट काढून ठेवले. जाहिरातीतल्या किमती दाखवून उपयोग नसतो, त्या मागणीच्या किमती. रेडी रेकनरचाही बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तो सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर आहे, बाजारभाव त्याच्या वर-खाली असू शकतो. नोंदणी झालेला व्यवहार मात्र व्हॅल्युअरला तपासून बघता येतो.

लिफ्ट नाही, बिल्डिंग २२ वर्षांची, रस्ता अरुंद. यावर मी एक रात्रही घालवली नाही. ते आपल्या हातात नव्हतंच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या बँकेचा व्हॅल्युअर आला. हे गृहस्थ वयानं मोठे, पन्नाशीचे, तीन मजले चढून दमले होते. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. मी फाइल टेबलावर ठेवली. वर इंडेक्स टू, मग क्षेत्रफळाचं पान, नकाशा, भोगवटा दाखला, आणि ते दोन व्यवहार. ‘हे आमच्या बिल्डिंगमधले व्यवहार सापडले, तुम्हाला उपयोग झाला तर बघा,’ एवढंच म्हटलं. आम्हाला किती पाहिजेत हे सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं.

त्यांनी सगळ्या खोल्या मोजल्या, नकाशाशी ताडून बघितल्या. चतुःसीमा विचारल्या, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, घरात कोण राहतं. स्वयंपाकघरात आल्यावर मी आपणहून सांगितलं, की इथं बाल्कनी होती, २००९ मध्ये आम्ही आत घेतली, चार इंची विटांची भिंत काढली, कॉलम-बीमला हात लावलेला नाही. त्यांनी वर बीम बघितला, बोटानं टकटक केली आणि लिहून घेतलं. ‘सांगितलंत ते बरं केलंत,’ म्हणाले, ‘हे मी जास्तीचं क्षेत्र म्हणून धरणार नाही, ॲग्रीमेंटचंच धरीन.’ मला तेवढंच हवं होतं.

आतल्या बेडरूममध्ये त्यांनी त्या भिंतीवर हात ठेवला. नवीन रंग एकाच भिंतीला दिसला की त्यांना शंका येतेच ना. ‘इथं काय होतं?’ मी सांगितलं, वरच्यांच्या नहाणी ट्रॅपची गळती, फेब्रुवारीत काढली, हे प्लंबरचं बिल. आणि दुरुस्तीच्या आधीचे, मधले फोटो मोबाइलवर दाखवले. त्यांनी बिलाचा फोटो घेतला. आणि मग, हे मी सांगितलं नव्हतं हं कुणाला, काकू खाली आल्या. पदर खोचून दारात उभ्या. म्हणाल्या, ‘आमचंच पाणी होतं हो. आता बंद झालंय. वर येऊन बघायचं असेल तर या.’ ते खरंच वर जाऊन आले.

किंमत लागली ३१ लाख १४ हजार. ७६९ फूट, दर ४०५०. यातलं किती माझ्या १२ हजारांमुळे आणि किती माणूस बदलला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. दोन व्हॅल्युअरचा आकडा सहसा एकच येत नाही. पण ६० फुटांचे अडीच लाख तर नुसत्या रिकाम्या खोलीचे आणि एका स्वच्छ झेरॉक्सचे आहेत, ते मी छातीवर हात ठेवून सांगते.

१८ लाख मंजूर झाले. मे महिन्यात खासगीवाल्याचे पैसे देऊन त्याच्याकडून कोरे चेक परत घेतले आणि घरी आणून सासूबाईंसमोर फाडले. त्यांनी तुकडे गोळा करून मोजले, पाच चेकचे आहेत ना म्हणून. मूळ ॲग्रीमेंट मात्र आता बँकेत आहे, २०३८ पर्यंत. कपाटातली ती जागा त्या अजून रिकामीच ठेवतात, तिथं दुसरं काही ठेवू देत नाहीत.

हिशोब पूर्ण करायचा तर ११,८८० खर्च झाले, १२० उरले. त्याचे पेढे आणून वरती दिले. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या भिंतीला हात लावून आले. पाऊस सुरू होऊन महिना झालाय, कोरडी आहे.

तुमच्या घराचं काही विचारायचं असेल तर लिहा, कागदांची यादी मी वेगळी टाकते. भेटू पुढच्या भागात.